उम्म राकानचे पाहुणे

४ नोव्हेंबर, रविवार

‘दलालांनी दार वाजवू नये!’ — अगदी असंच लिहिलंय. खोक्याच्या पुठ्ठ्यावर, निळ्या जाड अक्षरात. वर ‘घर विकणे आहे, मालकाकडून’, मधे फोन नंबर, आणि खाली ही तंबी. लुवेब्दे टेकडीच्या पायऱ्यांवर, रस्त्यापासून बरंच खाली उतरल्यावर. वाचलं आणि चोरी पकडल्यासारखी उभी राहिले. दार वाजवलं नाही. नंबर तेवढा उतरवून घेतला.

ऑफिसात बासिल साहेब खूश. “स्वतःचं घर स्वतः विकणारा माणूस म्हणजे पिकलेलं अंजीर, नुहाबाई! जरा फांदी हलवायची. फोन करा, म्हणा माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. एजंट हा शब्द तोंडातून काढायचा नाही.”

“पण गिऱ्हाईक कुठंय?”

“मिळेल हो!”

ऑफिस त्यांचं, त्यामुळे हसले मी. महिनाअखेरपर्यंत एक तरी घर आणलं नाही तर ‘बघू’ म्हणालेत. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी नवीन नोकरी धरायची म्हणजे असंच, बोलून घ्यायचं आणि हसायचं.

५ नोव्हेंबर, सोमवार

फोन केला. ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणायला जीभच रेटेना. शेवटी म्हटलं, “काका, मी घरांच्या ऑफिसातून बोलतेय.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग अगदी दबक्या आवाजात — “पाटी वाचता येते ना, बाई?”

“येते.”

“मग?” — फोन बंद!

ओरडून झिडकारणारे पुष्कळ भेटलेत. कुजबुजत झिडकारणारा हा पहिलाच.

तूलीन म्हणते, “आई, तू सगळ्यांना खरं का सांगत सुटतेस?” सतरा वर्षांची झाली, आता मला धंदा शिकवणार! बारावीचा अभ्यास कर म्हटलं आधी.

७ नोव्हेंबर, बुधवार

गेले शेवटी. दार वाजवलंच.

उंच, सुकलेला म्हातारा. एक हात कमरेवर. मला बघितल्या बघितल्या बाहेर आला आणि दार पाठीमागे हळूच ओढून घेतलं. आतली उष्ण हवासुद्धा मला मिळू नये असं!

“भांडायला नाही आले, काका. एवढंच सांगायला आले की पाटी चुकीच्या जागी लावलीय. इथे ती पायऱ्या चढणाऱ्याला दिसते. धापा टाकणारा माणूस या पायऱ्यांवरचं घर घेईल का? वर रस्त्यावर लावा. उतरताना सगळ्यांनाच ही गल्ली आवडते.”

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. “वर नाही लावायची.”

“का पण?”

“नाही लावायची म्हणजे नाही.” परत तीच कुजबुज. “आणि दलाल नकोत. एकाला घरात घेतलं की दहा येतात, मोठमोठ्याने बोलतात.”

मी वळले. चार पायऱ्या चढले तर मागून — “नाव काय तुझं?”

“नुहा.”

“मी अबू राकान.”

बस. एवढंच. पण घरी येईपर्यंत मला कारण नसताना बरं वाटत होतं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

दिवस फुकट. पाय दुखताहेत.

११ नोव्हेंबर, रविवार

आज अबू राकानचाच फोन! म्हटलं पाटी वर लावणार असतील. तर विचारतात, “तुमच्या ऑफिसात रस्त्याला लागून दार असलेलं घर आहे का? एकही पायरी नको. एकसुद्धा.”

तशीच गेले. पायऱ्यांवरच बसलो दोघं. दार ओढलेलंच. मग हळूहळू निघालं सगळं. बायकोचे पाय गेलेत, झटका आला तेव्हापासून. जीभ शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, पाय नाहीत. चाकांची खुर्ची आहे, पण ती घरातल्या घरात. खाली पायऱ्या, वर पायऱ्या, गाडी कुठूनच येत नाही. आधी हे स्वतः पाठीवर घेऊन वर न्यायचे तिला — “नवरीसारखी!” म्हणाले आणि लाजले, या वयात! मग पाठच गेली. ज्याचे हे अबू आणि ती उम्म, तो मुलगा राकान कॅनडात, तिथून तो पैसे पाठवील, खांदा कसा पाठवणार?

“दोन हिवाळे झाले. ती बाहेर नाही गेली. मला तिला रस्ता दाखवायचाय. भाजीवाला, बाया, पोरं, काहीही. मी जिवंत असेतो.”

मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं, उगाच. एजंटने रडायचं नसतं असं बासिल साहेबांनी सांगितलेलं नाही, पण तसंच असावं.

वर चौकाजवळ एक तळमजला आहे, ऑफिसच्या यादीत. उद्या बघते.

१२ नोव्हेंबर, सोमवार

तळमजला फक्कड आहे! दारातून थेट फरसबंदी. समोर भट्टी, सकाळभर भाकरीचा वास. मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली, पुढे नाही. म्हणजे त्याआधी काकांचं घर विकलं गेलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहिताना मला एकटीलाच हसू येतंय.

रमजानात पाळीमुळे राहिलेले रोजे मी नेहमी नोव्हेंबरातच धरते. दिवस लहान, लवकर सुटतो. आज धरला होता. माझी अक्कल! सोमवारी किंवा गुरुवारी धरला असता तर पुष्कळजण त्या दिवशी पुण्य म्हणून धरतात तसा खपला असता. बुधवारी धरणारी बाई म्हणजे कुठले रोजे भरून काढतेय ते कोणीही ओळखणार. आणि हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं?

आणि नेमकं आजच अबू राकानने दार उघडलं. पूर्ण. आत घेतलं, पाहुण्यांच्या खोलीत बसवलं आणि कडू कॉफीचा छोटा कप हातात दिला. स्वतः केलेली, वेलदोड्याचा वास घमघमणारी.

काय करू? कप घेतला आणि हळूच समोरच्या मेजावर ठेवून दिला. भरलेला.

काकांचा चेहराच बदलला. ताठ बसले. मी तळमजल्याबद्दल बडबडत होते, ते कपाकडे बघत होते. मग घसा साफ करून, अगदी जमातीच्या बैठकीत बोलतात तसं म्हणाले, “माग, पोरी. काय मागायचंय?”

तेव्हा डोक्यात उजेड पडला! मागणं घेऊन आलेला माणूस यजमानाने ‘दिलं’ म्हणेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही — मुली मागायला, खून माफ करवून घ्यायला आमचे म्हातारे असेच बसतात. आणि मी, घरांच्या ऑफिसातली नुहा, यांच्यासमोर कप ठेवून बसलेली!

“नाही काका, तसं काही—”

“बापाच्या घरून रीत शिकून आलेली दिसतेस. आजकालच्या कुणाला येतं हे? माझं घर तुझ्या हातून विकायचंय ना? दिलं. पी कॉफी.”

आता नाही प्यायले तर त्यांचा अपमान. प्यायले तर रोजा मोडला. कान तापले माझे. शेवटी म्हटलं, “काका, मला... आज प्यायचं नाहीये.”

“दिलं म्हटलं ना!”

“रोजा आहे.”

“आज? बुधवारी?” — आणि मग कळलं त्यांना. एकदम छताकडे बघायला लागले. छतावर काही नव्हतं! मीही छताकडे बघायला लागले. असे दोघं छत बघत बसलो, आणि मग तो माणूस हसला. कमरेला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, पण आवाज न करता.

“म्हणजे तू काहीच मागितलं नव्हतंस?”

“नव्हतं. पण... हवं होतं.”

“शब्द गेला तो गेला. परत घेत नाही मी.” मग गंभीर झाले. “पण आता माझं एक मागणं. तिच्यासमोर घर विकायची गोष्ट नाही. एक शब्द नाही. तिला माहीत नाही.”

तेव्हा सगळं लक्षात आलं. कुजबुज, ओढलेलं दार, वर न लावलेली पाटी. तिच्या मैत्रिणी वरच्या रस्त्याने जातात! मी शब्द दिला. न विचार करता दिला.

मग मला आत नेलं. उम्म राकान खिडकीशी, खुर्चीत. गोरी, गुबगुबीत, कपाळावर रुमाल घट्ट बांधलेला. “ही नुहा, ओळखीची पोर,” काका म्हणाले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ओठ सुकलेत हिचे. रोजा असणार. अजान होईपर्यंत हलायचं नाही इथून!”

मसुराचं सूप, ऑलिव्ह, कालची वांगी-भाताची मक्लूबा गरम करून. रोजा सोडला तो त्याच गार झालेल्या कॉफीने, नंतर खजूर! काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. उम्म राकान मावशी म्हणाली, “अगं आधी खजूर खायचा असतो, कुठल्या गावची तू?” आई गेल्यापासून मला कोणी असं रागावलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

बासिल साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. “दलाल नको म्हणणारा म्हातारा! काय युक्ती केलीत?”

कॉफी प्यायले नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

१८ नोव्हेंबर, रविवार

पहिले ‘पाहुणे’. कॉफीहाउसवाला, लांब केस, महागडे बूट. वरच पायऱ्यांवर त्याला बजावलं — घरात आजारी माणूस आहे, घर, किंमत, विक्री काही बोलायचं नाही, माझ्या ओळखीचे म्हणून या. तो म्हणाला समजलं. काही समजलं नव्हतं!

“ही भिंत पाडली तर—” आत शिरल्या शिरल्या.

अबू राकान असे खोकले की कबुतरं उडाली. मावशी शांतपणे, “खोकल्याला मरामिय्याच्या पाल्याचा चहा घे रे.” मग पाहुण्याकडे वळून, “बाळा, रात्री झोपतोस किती वाजता?”

“दोन वाजतात, मावशी. धंदा तसा आहे.”

“मग तुझे शेजारी किती वाजता झोपतात?”

तो हसला. ती नाही हसली.

बाहेर येऊन म्हणाला, घेतो. सगळे पैसे एकदम. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी पायऱ्यांकडे.

२० नोव्हेंबर, मंगळवार

आज जोडपं. ती सरकारी दवाखान्यात नर्स, तो शाळेत चित्रकला शिकवतो, कर्ज काढून घेणार. सोबत जुळे मुलगे, चारेक वर्षांचे, हातात धरवत नाहीत असले! एकाने मावशीच्या खुर्चीचं चाक फिरवलं, दुसऱ्याने बडीशेपेची वाटी उलथी केली. नर्स ओशाळली, खाली बसून वेचायला लागली. मावशी म्हणते, “राहू दे गं, मुंग्यांनाही घर आहे.” मग विचारत बसली. सासू कुठे राहते? भांडता का? भांडल्यावर आधी कोण बोलतं? चित्रकलावाला म्हणाला, “मीच, नाइलाज आहे!” तेव्हा मावशी खदखदून हसली.

तिला माणसं किती आवडतात! जाताना माझा हात धरला. “हल्ली घर कसं भरलेलं वाटतंय बघ. आणत जा अशी माणसं.”

या बाईला आम्ही फसवतोय, आणि ती आम्हाला बदाम खाऊ घालतेय.

२१ नोव्हेंबर, बुधवार

शब्द द्यायच्या आधी विचार करावा माणसाने. बाकी काही लिहायचं नाही आज.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

बॉम्बच! घर काकांचं नाहीच. घर उम्म राकानच्या नावावर आहे. तिच्या बापाने बांधलं, लेकीला दिलं.

“आणि हे आत्ता सांगता, काका?”

“तू विचारलंस कुठे?”

खरंय. नाही विचारलं. पुठ्ठ्यावर ‘मालकाकडून’ वाचलं आणि धरून चालले. नवशिकी ती नवशिकीच!

म्हणजे आता जमीन खात्याचा माणूस घरी येणार, तिला वाचून दाखवणार, तिची सही घेणार. तिला सांगितल्याशिवाय पान हलणार नाही.

“मग सांगा ना! ती ऐकेल. तिच्याच भल्याचं आहे.”

काका पायरीवर बसले. “मी लग्नानंतर इथे राहायला आलो, नुहा. घरजावई. माझ्याकडे होतं काय? सगळ्या जमातीने टिंगल केली, बायकोच्या छपराखाली झोपतो म्हणून. तिने एकदाही, भांडणातसुद्धा एकदाही म्हटलं नाही की घर माझं आहे. आणि आता मी जाऊन तिला सांगू, तुझ्या बापाचं घर विकायला काढलंय? आधी पाटी लावली आणि मग सांगतोय?”

खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ते बरं दिसलं नसतं.

२५ नोव्हेंबर, रविवार

बासिल साहेबांचं डोकं भडकलंय. कॉफीहाउसवाला घाई करतोय. तळमजल्याची बाई रोज फोन करतेय.

“म्हातारीची सही हवी ना? सांगा, राकानने पाठवलेल्या पैशांचे कागद आहेत. खात्यातला माणूस माझ्या ओळखीचा आहे, तो भराभर वाचेल.”

मी म्हटलं, “नाही.”

“नुहाबाई, महिना संपतोय.”

“संपू दे!” — एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. पर्स उचलली आणि निघाले. आता ‘बघू’ होणार. झालंच बहुतेक.

तूलीनला सांगितलं. घाबरत घाबरत सांगितलं, तिची फी डोळ्यांसमोर. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “बरं केलंस. संध्याकाळी मक्लूबा कर.” गुणाची ती. लेकरू कधी मोठं होतं, कळत नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार

काकांना सगळं सांगितलं, बासिलचं बोलणंही.

“मलाही हेच सुचलं होतं,” म्हणाले. “परवा. नमाजाला उभा होतो आणि सुचलं. स्वतःची लाज वाटली.”

मग अगदी लहान पोरासारखं — “तू सांगशील का तिला? तुझं ऐकते ती. मी भाकरी आणायला जातो, तेवढ्यात सांग. मी परत येईन तेव्हा तिला माहीत असेल.”

पळपुटेपणा आहे हा, काका! — मनात म्हटलं. तोंडाने हो म्हटलं. ती जर म्हणाली नाही, तर तळमजला गेला, माझी नोकरी गेली, ते सगळं ठीक. पण मग ती त्या खिडकीतच बसून राहणार, आणि तिच्याशेजारी हा, तिने ज्याला माफ केलं नाही असा. त्याचं मला भ्या वाटतंय.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या. कसं बोलायचं याची तालीम आंघोळ करताना, तांदूळ निवडताना केली. ‘मावशी, काकांचं तुमच्यावर फार—’ नको. ‘मावशी, रागावू नका, पण—’ नको. मेलं काहीच धड नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार

काका भाकरी आणायला गेले. मी मावशीच्या पायाशी बसले, हात हातात घेतला. “मावशी, तुम्हाला एक सांगायचंय—”

“नको सांगूस,” ती म्हणाली. “त्याला सांगू दे.”

मी तिचा हात सोडला.

“पाहुणे कधी मोरीत जाऊन सगळे नळ सोडून बघतात का गं? पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. मी वाट बघतेय, हा माणूस कधी तोंड उघडतो त्याची. त्याची पाठ मोडली या पायऱ्यांनी. मला रस्ता बघायची कसली आलीय हौस, मला त्याला या पायऱ्यांतून सोडवायचंय. घर त्या जुळ्यांच्या आईला दे. म्हणून तर एवढे प्रश्न विचारले. भिंती पाडणाऱ्याला नाही.”

मला रडू आवरेना. तिने माझे डोळे आपल्या रुमालाने पुसले. बाहेर पावलं वाजली, तशी ती पुढे झुकून हळूच म्हणाली, “त्याला म्हण, माझी हिंमत झाली नाही, तुम्हीच सांगा. आणि तो सांगेल तेव्हा मी थोडी रडेन. नाही रडले तर त्याला कळेल, मला आधीच कळलं होतं.”